उजवीकडची सीट

"सोडा. माझ्याकडे द्या," कॅप्टन म्हणाले आणि मी हात काढले.

धावपट्टी अगदी खाली आली होती. विमानाचं नाक मी नुकतंच हलकेच वर घ्यायला लागले होते. या वेळी जमतंय असं मला वाटत होतं. चाकं बारीक किंचाळून टेकली, पण टेकली ती त्यांच्या हातानं. टोकाला वळून आम्ही हँगरकडे निघालो, तेव्हा ते नेहमीचं वाक्य बोलले.

"अजून नाही, देवतळेबाई."

"काय चुकलं?"

"चुकलं असं नाही. पण अजून नाही."

मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन दीडेक वर्ष झालं होतं. नोकरीतली बरीचशी वर्षं ट्रंक एक्स्चेंजवर गेली. कानाला हेडफोन, समोर तारा. दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण लाइनवरून बाजूला व्हायचं. लग्न केलं नाही. का केलं नाही ते आता मलाही नीट आठवत नाही. आधी आईचं दुखणं होतं, मग धाकट्या बहिणीचं लग्न, आणि मग कुणी विचारेनासं झालं.

विमानाचं खूळ डोक्यात शिरलं ते जिल्हा प्रदर्शनात. तिथे फ्लाइंग क्लबनं तिकीट लावून लोकांना गावावरून एक चक्कर मारून आणायचं ठेवलं होतं. तिकीट मी भाचीसाठी काढलं होतं. ती आयत्या वेळी घाबरली, तिकीट वाया जाऊ नये म्हणून मी बसले. खाली आमचं अख्खं गाव, जिनिंग मिलच्या चिमण्या, नदी, कापसाची शेतं, सगळं एका नजरेत आलं. उतरल्यावर मी त्या लोकांना विचारलं, "हे शिकायला वयाची अट असते का?" ते हसले. कॅप्टन रणपिसे तेवढे हसले नाहीत. "तब्येत चांगली लागते," ते म्हणाले. "मंगळवारी या."

प्रॉव्हिडंट फंडातला मोठा हिस्सा त्यात घालायचं ठरवलं, तेव्हा पुण्याहून बहिणीचा फोन आला. "काहून गं प्रमिला? तीर्थयात्रेला जाय ना त्यापेक्षा." मी म्हटलं, तीर्थयात्रेत फार लोक असतात. ते खोटं होतं. लोकांचा मला कंटाळा नव्हताच. माझ्याकडे लोकच नव्हते. दूधवाल्याशी शनिवारी बोललेलं एखादं वाक्य मला मंगळवारपर्यंत पुरवावं लागायचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी बसनं गावाबाहेरच्या फाट्यावर उतरायची आणि तिथून धावपट्टीपर्यंत चालत जायची. एक हँगर, एक ऑफिसची खोली, त्यामागे कॅप्टनची राहायची खोली आणि मधे एक कडुनिंब, एवढाच क्लब. विमान दोन माणसांचं. शिकणाऱ्यानं डावीकडे बसायचं, शिकवणाऱ्यानं उजवीकडे. आत बसलं की खांद्याला खांदा लागतो, एवढंसं ते. मेकॅनिक युनूसभाई त्याला 'डबी' म्हणायचे.

कॅप्टन रणपिसे माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. उमेदीत ते कापसावर औषध फवारायची विमानं चालवत. जमिनीवर हा माणूस मुका. चहा पिताना समोर बसला तरी कपात बघत बसायचा. नमस्कारसुद्धा मानेनंच. पण दार लावलं, हेडफोन कानावर आले आणि चाकं जमिनीपासून सुटली, की बोलायला लागायचा.

आमचा सराव म्हणजे धावपट्टीभोवती चकरा. उडायचं, डावीकडे वळायचं, मग वारा पाठीशी घेऊन धावपट्टीला समांतर उलट्या दिशेनं जायचं, पुन्हा दोनदा वळायचं आणि उतरायचं. त्या समांतर पट्ट्याला डाउनविंड म्हणतात. तिथे करायला फारसं काही नसतं. विमान सरळ चालत राहतं, थोडा वेळ मोकळा मिळतो. कॅप्टन त्या वेळात गोष्टी सांगायचे.

"तो तलाव दिसतो? त्याच्या काठाला आमचा तंबू होता. रात्री कोल्हे यायचे. एकदा माझा एक बूटच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी एका पायात चप्पल घालून फवारणी केली. आणि नेमका त्याच दिवशी कलेक्टर... हां, आता वेग कमी करा. उतरायला फ्लॅप घ्या."

कलेक्टरचं काय झालं ते पुढच्या चकरेत. त्या चकरेत कलेक्टर संपायचा आणि जुनोन्याच्या पुलाखालून विमान नेणारा त्यांचा दोस्त सुरू व्हायचा. कधी बायकोचा विषय निघायचा. ती लग्नानंतर दोन हंगाम तंबूत राहिली आणि मग माहेरी गेली ती आलीच नाही. "तिचं बरोबर होतं," एवढंच म्हणायचे आणि नजर लांब क्षितिजावर ठेवायचे. मी ऐकत राहायची. ऐकणं मला जमायचं. घरी परतताना बसमध्ये मी त्या अर्ध्या गोष्टींची पुढची वाट मनाशी जुळवत बसायची.

फक्त उतरणं मला जमत नव्हतं. म्हणजे ते जमतंय असं मला वाटायचं आणि शेवटच्या क्षणी उजवीकडून आवाज यायचा, "माझ्याकडे द्या." माझ्याबरोबर शिकायला लागलेले दोघं, एक दंतवैद्य आणि एक कॉलेजातली मुलगी, कधीच एकटे उडून आले होते. पहिल्यांदा एकट्यानं चक्कर मारून येणं म्हणजे सोलो. सोलो झाला की क्लबचे लोक बादलीभर पाणी अंगावर ओततात. त्या मुलीवर ओततानाच्या फोटोत मीपण उभी आहे, पर्स पोटाशी धरून.

मी घरी सराव करायला लागले. जेवणाच्या टेबलाशी बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पेडल दाबल्यासारखे करायचे, हातात पातेल्यावरचं झाकण घ्यायचं आणि ते हळूहळू पोटाकडे ओढायचं. डोळे मिटून. पुन्हा पुन्हा. सणासुदीलाही. पेन्शनच्या कागदावर सही करताना मी हाताकडे बघायची, थरथरतो का म्हणून. डोळ्यांचा नंबर बदलून घेतला. रात्री पडल्यावर मनात यायचं की खरं काय ते कॅप्टनना कळलंय आणि ते सभ्यपणे बोलत नाहीत. या बाईला हे कधीच येणार नाही. आणि 'येणार नाही' असं सांगितलं, तर मंगळवार-शुक्रवारही जातील, म्हणून मीपण खोदून विचारत नव्हते.

दिवाळी उलटून गेली होती. एका मंगळवारी गेले तर कॅप्टन नव्हते. युनूसभाई म्हणाले, "साहेब नागपूरला गेले जी, काम आहे म्हणे. आज मोहरील मॅडम उडवतील तुम्हाला."

कॅप्टन मोहरील चाळिशीच्या होत्या. दुसऱ्या एका संस्थेतून महिन्यातून एकदा-दोनदा आमच्याकडे यायच्या, परीक्षा वगैरे घ्यायला. सडसडीत बाई, हाताला मोठं घड्याळ. माझ्याशी विमानात त्या एक अक्षर जादा बोलल्या नाहीत. डाउनविंडला मी सवयीनं कान टवकारून बसले, पण हेडफोनमध्ये नुसती इंजिनाची घरघर. तलाव आला आणि मागे गेला.

उतरताना मी वाट बघत होते की आता म्हणतील, माझ्याकडे द्या. त्या म्हणाल्याच नाहीत. मी नाक उचलत राहिले, उचलत राहिले, आणि चाकं टेकली. थोडी आदळली, पण टेकली.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

पुन्हा गेलो. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तर चाकं टेकल्याचं मला कळलंसुद्धा नाही, नुसता आवाज बदलला. मोहरीलबाईंनी मला विमान बाजूला घ्यायला लावलं. इंजिन चालूच होतं.

"तुम्हाला सोलो का नाही सोडलं अजून?"

"मी तयार नाही, असं कॅप्टन म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "देवतळे मॅडम, हे काल-परवा बसलेले हात नाहीत. तुम्ही कित्येक महिन्यांपूर्वी तयार झालेल्या असणार. रणपिसे सरांना हे दिसलं नाही?"

मी माझ्या हातांकडे बघितलं.

"मी उतरते," त्या बेल्ट सोडत म्हणाल्या. "तुम्ही एक चक्कर मारून या."

ज्या वाक्याची मी वर्षभर वाट बघितली ते हेच. पण माझ्या तोंडून निघालं, "नको."

"घाबरलात?"

"नाही. पण आधी मला त्यांना विचारायचंय."

मोहरीलबाईंनी खांदे उडवले. त्यांचा मुक्काम दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. "उद्या सकाळी असेन मी," एवढं म्हणाल्या आणि इंजिन बंद करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी माझा वार नव्हता, तरी गेले. कॅप्टन कडुनिंबाखाली उभे होते. नेहमीसारखा इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी नमस्कार केला नाही.

"काल मी तीन वेळा उतरवलं. कुणी हात लावला नाही."

"मोहरील बोलली," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मग हातानंच विमान दाखवलं. "तिथे बसू."

"उडायचंय?"

"नाही. नुसतं बसू."

विमान हँगरसमोर उभं होतं, चाकांना ठोकळे लावलेलं. मी डावीकडून चढले, ते उजवीकडून. दारं लावली. त्यांनी हेडफोन कानावर चढवले आणि मला खुणावलं. मीही चढवले. त्यांनी बॅटरीचा खटका वर केला. पॅनेलच्या मागे कुठेतरी बारीक घूं सुरू झाली. समोर पंखा स्थिर, त्यापलीकडे युनूसभाई डब्यात काहीतरी ढवळत बसलेले.

"माझा आवाज येतोय?" कॅप्टननी विचारलं. हेडफोनमधून तो आला, तेव्हा तोच नेहमीचा, मोकळा आवाज होता.

"येतोय."

"मला नापास केलं, देवतळेबाई."

"कशात?"

"हृदयात." ते थोडे हसले. "दरवेळची तपासणी होती. दोनदा ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर चांगला आहे, लहान आहे. म्हणाला, काका, आता खालीच राहायचं. म्हणजे गेल्या शुक्रवारी आपण उडलो ते माझं शेवटचं."

"वाईट झालं," मी म्हटलं. खरंच वाईट वाटलं. पण तेवढ्यावर मी उठणार नव्हते. "मी जे विचारलं त्याचं उत्तर हे नाही."

"नाही."

ते समोर बघत राहिले. मग म्हणाले, "होळीच्या सुमारास एक दिवस वारा आडवा होता, आठवतं? विमान बाजूला ढकललं जात होतं. मी सांगायच्या आत तुम्ही पायानं नाक सरळ केलंत. त्या दिवशी तुम्ही तयार झालात. अशा वेळी शिकवणाऱ्यानं बोलायचं नसतं. उतरायचं आणि दार लावायचं."

"मग?"

"जुनोन्याच्या पुलाची गोष्ट अर्धी राहिली होती."

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"वाटलं, पुढच्या वेळी पुरी करू आणि सोडू. पुढच्या वेळी ती पुरी झाली. पण तोवर दुसरी सुरू झालेली." त्यांनी बोटानं काचेवरचा एक ठिपका पुसला. तो बाहेरच्या बाजूला होता, निघाला नाही. "बाकी पोरं येतात, त्यांना घाई असते. ती माझ्या गोष्टीच्या मधेच उंची वाचून दाखवतात. तुम्ही ऐकायचात."

रागानं माझे कान गरम झाले होते, हेडफोनच्या आत.

"मी घरी पातेल्याचं झाकण धरून बसायची, कॅप्टन," शेवटी मी म्हटलं. "जेवणाच्या टेबलाशी. मला वाटलं माझे हात गेले. सही करताना हाताकडे बघायची मी. चष्मा बदलला. झोप गेली माझी."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"नाही."

"मी कुठे राहते, ठाऊक आहे तुम्हाला?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"घरी कोण आहे माझ्या? जेवते कुणाबरोबर?"

"टेलिफोन खात्यात होतात," ते हळूच म्हणाले.

"ते अर्जात लिहिलंय."

बारीक घूं चालूच होती. वर्षभर मी या माणसाचा तंबू, त्याचा बूट, त्याची बायको, त्याचे कोल्हे बसमधून घरी नेत होते आणि टेबलावर समोर मांडून जेवत होते. मला वाटलं होतं, आमची ओळख आहे.

"माफ करा," कॅप्टन म्हणाले. त्यांनी खटका खाली केला. आवाज बंद झाला. हेडफोन काढून ते उतरले आणि दार लावून घेतलं. मी काचेतून बघितलं, ते मोहरीलबाईंशी दोन शब्द बोलले आणि आपल्या खोलीकडे न जाता हँगरच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

अर्ध्या तासानं मी धावपट्टीच्या तोंडाशी होते. मोहरीलबाईंनी आधी माझ्याबरोबर एक चक्कर मारली, मग काही न बोलता उतरल्या.

विमान जमिनीवरून जे सुटलं ते माझ्या अंदाजाच्या आधीच. एका माणसाचं वजन कमी झालं होतं. उडीच मारल्यासारखं वर गेलं. मी वळले, पुन्हा वळले आणि डाउनविंडला आले. सगळं नीट होतं. वेग, उंची. डावीकडे खाली धावपट्टी, हँगरचं पत्र्याचं छप्पर, माणसं दिसत नव्हती. पुढे तलाव. करायला काही नव्हतं.

तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "मी राहते गांधी चौकाच्या मागे. दुसऱ्या मजल्यावर. घरी कुणी नसतं." रेडिओचं बटण मी दाबलं नव्हतं. खाली कुणालाही ते गेलं नाही. माझाच आवाज हेडफोनमधून माझ्या कानात परत आला, अगदी स्पष्ट, जवळ कुणी बसून बोलल्यासारखा. मी दचकले. मग वेग कमी केला आणि फ्लॅप घेतले.

उतरताना ते बराच वेळ धावपट्टीवर तरंगत राहिलं, खाली बसायलाच तयार होईना. मी हात तसेच पोटाकडे ओढून धरले. शेवटी टेकलं.

युनूसभाईंनी बादली ओतली. मोहरीलबाईंनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. कॅप्टन सगळ्यांच्या मागे उभे होते. मी ओलीचिंब त्यांच्यापर्यंत गेले.

"जरा तरंगलं," ते म्हणाले.

"हलकं झालं होतं," मी म्हटलं, आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.

परवाना हातात यायला आणखी वर्ष गेलं. पुढचं सगळं मी मोहरीलबाईंकडे शिकले. कॅप्टन क्लबची खोली सोडून गावात भाड्यानं राहायला गेले. मधे एकदा ते माझ्या घरी आले. पत्ता युनूसभाईंकडून घेतला होता. मी पोहे केले. ते खुर्चीत बसून वर बघत राहिले. "पंखा चांगला आहे," म्हणाले. मग मी कुठल्या एक्स्चेंजला होते, रात्रपाळी असायची का, आई कशानं गेली, असे प्रश्न विचारले, एकामागून एक, पाठ करून आल्यासारखे. मी उत्तरं दिली. उत्तर संपलं की दोघंही गप्प. माझा राग तोवर बराच गेला होता, पण त्या गप्प बसण्याचं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. पोहे संपवून ते गेले.

परवाना आल्यावर माणसाला शेजारी बसवून नेता येतं. मी पहिला फोन त्यांना केला.

फेब्रुवारीतली सकाळ होती. ते वेळेच्या आधी येऊन थांबले होते. तोच पांढरा शर्ट, कॉलर विरलेली. त्यांनी माझ्याबरोबर विमानाला फेरी मारली, मी तपासत होते त्या प्रत्येक गोष्टीवरून मागून हात फिरवत. मग उजवीकडे चढले. बेल्ट लावला. हेडफोन घातले. मी बॅटरीचा खटका वर केला.

"माझा आवाज येतोय?" मी विचारलं.

"येतोय." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले होते, लहान मुलासारखे. थोडा वेळ तसेच बसले. मग हात बाहेर काढून बघितले. "मी उतरतो, देवतळेबाई."

"का? तब्येत?"

"नाही. खाली येताना मी तुमच्या हातातून काढून घेईन. मला माहीत आहे."

"मी नाही देणार."

"तेच. मग आपण दोघं ओढत बसू." ते खरंच हसले. "तुम्ही जा. मी बघतो इथून."

मी त्यांना थांबवायला हवं होतं का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी मी काहीच म्हणाले नाही. ते उतरले. मग पुन्हा आत वाकून त्यांनी रिकाम्या सीटवर बेल्ट आडवा घेतला, कडी अडकवली आणि टोक ओढून घट्ट केलं. सीटवर कुणी नसलं की तसं करायचं असतं, नाहीतर बेल्ट हवेत लोंबून कशात तरी अडकतो. दार लावलं, बाहेरून एकदा दाबून बघितलं आणि पंखाखालून वाकून बरेच लांब जाऊन उभे राहिले.

इंजिन सुरू करायच्या आधी खिडकी उघडून ओरडायचं असतं, 'क्लिअर' म्हणून. आसपास कुणी असेल तर बाजूला व्हावं. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि ओरडले. एवढ्या माळावर ऐकायला ते एकटेच होते. त्यांनी हात वर केला, आणि आधीच लांब उभे होते तरी आणखी दोन पावलं मागे सरकले.